कोहऱ्यातली मिरी

“बिल्ली मकान की होती है, मालिक की नहीं,” सोफ्याचं पुढचं टोक धरलेला माणूस मागचं टोक धरलेल्याला म्हणाला.

“तब तो लौट आएगी,” मागचा हसला.

“और क्या. हफ़्ते भर में.”

दोघं जिना उतरून गेले. त्यांना वाट द्यायला मी वळणावर भिंतीला चिकटून उभी होते. माझ्या हातात धुवायच्या कपड्यांची वेताची टोपली होती, झाकणावरून ओढणी गुंडाळून घट्ट बांधलेली, आणि टोपलीत आमची मांजर, मिरी. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. टोपलीच्या तळाशी तिचं वजन होतं आणि ते वजन थरथरत होतं. सकाळचे दहा वाजले तरी खाली ट्रकचे दिवे चालू होते, कारण समोरचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

त्या माणसाला काहीतरी म्हणायला हवं होतं. ‘ऐसा नहीं है, भैया,’ एवढं तरी. मी म्हटलं नाही. मी सहसा म्हणत नाही. त्याचं वाक्य मात्र मी टोपलीबरोबर उचललं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन आले.

आज सकाळी खिडकीबाहेर पुन्हा काहीच नव्हतं. मटारवाल्याची हाक आधी आली, त्याची हातगाडी बऱ्याच वेळाने. आई याला धुकं म्हणत नाही. धुकं तिच्या साताऱ्याकडचं, ऊन आलं की गुपचूप उठून जाणारं. हा कोहरा. हा येतो तो मुक्कामालाच. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, पोळीचं पीठ गार पडतं, समोरचं कडुलिंबाचं झाड असतं आणि नसतं. लोकांना या दिवसांत तीळगुळाची गजक आठवत असेल, भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगावर ठेवलेलं निखाऱ्यांचं मडकं आठवत असेल. मला मागचं दार आठवतं. पहिल्या कोहऱ्याच्या सकाळी मी रजईतून निघते ती थेट मागच्या दाराशी जाते आणि कडी बघते. लागलेली असते. तरी हात लावून बघते.

विकास नगरच्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, आम्ही चौदा वर्षं राहिलो. बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत होते. निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परत जायचं की इथेच राहायचं, यावर घरात वर्षानुवर्षं बोलणं झालं आणि बोलता बोलता बाबा निवृत्त झाले. शेवटी शहराच्या दक्षिणेला, वृंदावन योजनेत, पूर्वीच घेऊन भाड्याने दिलेलं आमचं छोटं घर होतं, तिथे जायचं ठरलं. भाडेकरू नोव्हेंबरच्या अखेरीस गेले. डिसेंबरच्या मध्यावर खरमास लागतो. मग महिनाभर इकडे कुणी शुभकार्य करत नाही. म्हणजे हातात दोन आठवडे. रंग, सामान, गृहप्रवेश, सगळं त्यातच.

मिरी आमच्याकडे आली ती सहा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, जिन्यावरून, स्वतःच. मिऱ्याच्या दाण्यासारखी काळी आणि तेवढीच तिखट. जाळीच्या दाराबाहेर बसून ती घर न्याहाळत राहायची. आठवडाभर न्याहाळल्यावर एक दिवस आत आली. त्या वेळी तिला कुणी आणलं नव्हतं. या गोष्टीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं.

नव्या घरात जायचं तर जुनं काही मळकं जायला नको, हा आईचा नियम. त्या आठवड्यात तिने पडदे धुतले, पायपुसणी धुतली, देवघराचा पाट घासला, डब्यांची झाकणं गरम पाण्यात उकळली. माझ्या शाळेच्या ट्रॉफ्यासुद्धा चिंचेने घासल्या. आणि एका सकाळी मी न्हाणीघरात गेले तर बादलीत बाबांचा तपकिरी, बिनबाह्यांचा स्वेटर तरंगत होता. तो बाबांचा फक्त नावाला. चार वर्षं मिरीच त्यावर झोपत होती. साबणाचं पाणी काळं झालं होतं, वर तिचे केस गोळा झाले होते.

मला माहीत होतं. मी फोनवर सगळं वाचून ठेवलं होतं, नेहमीसारखं, गुपचूप. मांजर नव्या जागी नेताना तिचं अंथरूण धुवायचं नसतं. तो वासच तिचा पत्ता असतो. तिला आधी एकाच शांत खोलीत ठेवायचं, दार लावून, तिची थाळी, तिची मातीची पाटी आणि तिचा वास घेऊन. बाकीचं घर तिला नंतर दाखवायचं, हळूहळू, तिच्या चालीने. हे सगळं मला पाठ होतं. पण आईचे हात थंड पाण्याने लाल झाले होते आणि ती म्हणाली, “बघ सई, तुझ्या लेकीचं अंथरूण कसं नवं करून देते.” मी “हो” म्हटलं. गिझर चालू करून दिला.

आपण गप्प बसतो तेव्हा ते समोरच्याला चांगुलपणा वाटतो. बरेचदा आपल्यालाही तसाच वाटतो.

गृहप्रवेशाच्या दिवशी मिरीनेही मुहूर्तावरच उंबरा ओलांडायचा, हेही आईनेच ठरवलं. पंडितजी दारात दिवा लावत होते. टोपलीच्या फटीतून दोन पिवळे डोळे त्यांना दिसले आणि त्यांचा हात थांबला.

“बहनजी, काली बिल्ली? प्रवेश के समय?”

“हमारे घर की है, पंडितजी,” आई म्हणाली. तिचं हिंदी तीस वर्षांनंतरही साताऱ्याहून निघून वाटेतच कुठेतरी थांबलेलं आहे, पण त्या दिवशी ते अगदी सरळ आलं. “सब आएँगे तो वो भी आएगी.”

मला आईचा इतका अभिमान वाटला की ‘तिला आधी एकाच खोलीत ठेवू’ हे म्हणायचं राहूनच गेलं. आत होम पेटला होता. नव्या रंगाचा वास, तुपाचा धूर, शंख, स्वयंपाकघरात दूध उतू जाताना शेजारणींनी केलेला गलका. आणि या सगळ्याच्या मध्ये, हॉलच्या फरशीवर, आईने ओढणीची गाठ सोडली आणि झाकण उघडलं. “ये गं बाळा. आपलं घर.”

मिरी त्या टोपलीतून निघाली तशी मी तिला आधी कधी बघितलेली नव्हती. पोट फरशीला, कान डोक्याला, शेपूट दुप्पट. भिंतीभिंतीने तिने एक फेरी मारली आणि सामानाच्या खोक्यांमागे गेली. धुतलेला स्वेटर मी खोक्यांपाशी नेऊन ठेवला. त्याला लिंबाच्या साबणाचा वास येत होता. तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन मागच्या दाराने आला. दार किती वेळ उघडं राहिलं कुणालाच सांगता येईना. संध्याकाळी खोकी हलवली तर मागे नुसती धूळ होती, आणि धुळीत ती बसायची तेवढी जागा स्वच्छ.

वृंदावन योजनेतले रस्ते रुंद आहेत. घरांच्या मध्ये रिकामे प्लॉट, त्यांत वाढलेलं गवत, अर्धी बांधलेली घरं, विटांच्या थप्प्या. कोहऱ्यात यातलं काहीच दिसत नाही. दहा पावलं दिसतात. दहा पावलं चालायचं, मग पुढची दहा. बाबा मफलर गुंडाळून पुढे जायचे आणि मोठ्याने हाक मारायचे, “मिरीऽऽ, ए मिरी, चल ना यार, घरी चल!” सकाळच्या फिरण्याला निघालेले अंकल थांबून विचारायचे, “बच्ची खो गई क्या?” बाबा न लाजता सांगायचे, “हाँ जी. काली है, छोटी-सी.” मी मागे, हातात तिच्या खाऊचा डबा. तो खुळखुळवायचा होता. मी खुळखुळवायचे, पण इतका हळू की मलाच जेमतेम ऐकू यावा. रस्त्यात उभं राहून एक नाव मोठ्याने उच्चारायचं, आणि कुणी खिडकी उघडून बघायचं, हे मला जमत नव्हतं. शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत जायचा नाही. बाईंनी माझी गैरहजेरी मांडल्याचे दिवस आहेत, मी तिथे बसलेली असताना.

रोज दुपारी बाबा विकास नगरला फोन करायचे, जुन्या घरमालकीण आंटींना. “वहाँ तो नहीं पहुँची?” आंटी म्हणायच्या, “नहीं भाईसाहब. इतनी दूर कैसे आएगी, बीच में गोमती है.” बाबा फोन ठेवायचे. मग मी खोलीत बसून मिरीला पुलावर चालताना बघायची. ट्रकांचे पिवळे दिवे, कठड्याला चिकटून पळणारा काळा ठिपका. ‘हफ़्ते भर में.’ आठवडा पुरा व्हायला चार दिवस होते, मग तीन.

आई त्या दिवसांत जेवायला बसली की मागच्या दाराकडे तोंड करून बसायची. एकदा भात कालवता कालवता म्हणाली, “मी धुवायला नको होता ना तो स्वेटर?” तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, “तसं काही नाही गं.” याही वेळी खोटं, याही वेळी चांगुलपणाचं.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी मी एकटीच निघाले. आमच्यापासून तिसऱ्या प्लॉटवर एक घर बांधायचं अर्धवट राहिलं होतं आणि त्याची राखण करणारं कुटुंब तिथेच राहत होतं. त्यातली बाई, शिवरानी, बाहेर तीन विटांच्या चुलीवर चहा उकळत होती. मी डबा हातात घेऊन तिच्यासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं.

“क्या ढूँढ़ रही हो, बिटिया?”

“बिल्ली,” मी म्हटलं.

“काली वाली?”

माझ्या हातातल्या डब्याचा आवाज आपोआप मोठा झाला.

“वो तो यहीं है. चार दिन से,” तिने चहाच्या गाळणीने मागच्या विटांकडे खूण केली. “सुबह-शाम यहीं से तुम्हारा दरवाज़ा ताकती रहती है. तुम्हारे बाबूजी इतना चिल्लाते हैं, उनसे डरती है. तुम रोज़ सामने से निकल जाती हो चुपचाप. आवाज़ क्यों नहीं दी?”

विटांच्या थप्पीमागे खाली वाकले तर फटीत दोन पिवळे डोळे होते, आणि त्या फटीतून पलीकडे बघितलं तर कोहऱ्यात पुसट, पण दिसत होतं. आमचं फाटक. ती विकास नगरला निघालीच नव्हती. घरही तिने सोडलेलं नव्हतं. जुन्या घरी आली तशीच ती इथेही बाहेर बसून न्याहाळत होती. तिला फक्त आपलं आपण यायचं होतं, आणि कुणीतरी, न ओरडता, ये म्हणायला हवं होतं.

“मिरी,” मी म्हटलं. शिवरानीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्यासाठी ते खूप मोठं होतं.

ती लगेच आली नाही. शिवरानीचा चहा दोनदा उकळला. मग आधी मिशा आल्या, मग एक पंजा.

त्यानंतर माझी खोली तिची झाली. मी घरूनच काम करते, शाळेच्या पुस्तकांची इंग्रजी मुद्रितं तपासते, त्यामुळे दोघींना दार लावून बसायला हरकत नव्हती. एका कोपऱ्यात मातीची पाटी. “झोपायच्या खोलीत माती?” आईने एकदाच विचारलं, मग स्वतःच गच्चीतल्या कुंडीतली माती चाळून आणून दिली. पलंगाखाली एक खोकं आडवं, त्यात मी आठवडाभर अंगात घातलेला कुर्ता. आणि आईचा सर्वांत मोठा त्याग म्हणजे तिने माझी चादर पुढचे चार आठवडे धुवायला मागितली नाही. रोज सकाळी दारात येऊन ती चादरीकडे बघायची, एक लांब श्वास घ्यायची आणि परत जायची. बाबा दाराच्या फटीशी बसून कुजबुजत बोलायला शिकले. निवृत्तीनंतर त्यांनी शिकलेली ती पहिली गोष्ट.

मांजराशेजारी नुसतं असणं हे एक काम आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. आपण आपलं वाचत बसायचं आणि पानं हळू उलटायची. पाचव्या दिवशी ती माझ्यासमोर जेवली. नवव्या दिवशी खिडकीवर चढली आणि बाहेरच्या काहीच नसण्याकडे बघत बसली. बाविसाव्या दिवशी तिने आपला गाल टेबलाच्या पायाला घासला, मग दाराच्या चौकटीला, मग माझ्या घोट्याला. तेवढं तेवढं तिचं झालं. पण बाहेर कुकरची शिट्टी झाली की सगळं मोडायचं, ती खोक्यात, आणि मी पुन्हा पहिल्या दिवसावर. रोज वाटायचं, आता एक जरी धक्का बसला तरी ही परत बाहेरच्या विटांमागे जाणार. आणि या वेळी विटांमागेच थांबेल असं कुठे आहे.

संक्रांत झाली. इकडच्या रिवाजाप्रमाणे शेजारी सगळ्यांकडे खिचडी शिजली आणि आईने जाहीर केलं, “शनिवारी हळदीकुंकू. घरही बघून होईल सगळ्यांचं.”

घर बघून होईल. आमच्याकडे नवं घर म्हणजे ते दाखवायचं असतं. शहरात मराठी घरं मोजकी, सगळ्या बायका एकमेकींना धरून, आणि आलेली प्रत्येक जण पाणी प्यायल्यावर उठणार, खोली न् खोली बघणार, कपाट उघडणार, न्हाणीघराच्या नळाला हात लावून ‘छान आहे हो’ म्हणणार. नाही दाखवलं तर त्यांना ते परकेपणाचं वाटतं. आई अवघडून म्हणाली, “सई, दहाच मिनिटं. तेवढ्यापुरतं ठेव तिला बाथरूममध्ये. करशील ना?”

मी “हो” म्हटलं.

लहानपणी पाहुणे आले की मी पडद्यामागे जायची. पडद्याखालून माझे पाय दिसायचे आणि सगळे हसायचे. मग आईचा हात यायचा, मऊ पण घट्ट. “ये बाहेर. नमस्कार कर. खात नाहीयेत कुणी तुला.” खरंच कुणी खाल्लं नाही कधी. पण बाहेर आल्यावर माझं जे काही व्हायचं, ते मला कुणाला सांगता यायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. आपलं आपण बाहेर यायला मला अजून थोडाच वेळ हवा असायचा. कदाचित पाचच मिनिटं.

शनिवारी सकाळी मिरी पहिल्यांदा पलंगावर चढली. पसरलेल्या पानांवर आडवी झाली आणि पोट वर करून झोपली. मांजर पोट कुणालाही दाखवत नाही. मी पानं तशीच राहू दिली. तिला उचलून बाथरूममध्ये कोंडायचं होतं. मी उचललं नाही. चार वाजता दार बाहेरून लावून घेतलं आणि हॉलमध्ये आले.

आठ-नऊ जणी होत्या, सगळ्या काळ्या साड्यांत, हातात चहाचे कप, वाणाच्या स्टीलच्या गाळण्या मांडीवर. बोरकर काकू सगळ्यांत पुढे. त्यांचे मिस्टर बँकेत, माहेर नागपूरचं, आवाज दोन्हींना पुरेल असा. तिळगूळ देताना त्यांनी माझी हनुवटी धरली. “गोड बोल गं बाई. काहीतरी बोल तरी!” सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्या उठल्याच. “चला, घर दाखव. आधी किचन.”

किचन झालं. देवघर झालं. आईबाबांची खोली, गच्ची. गच्चीवरून कोहऱ्यात काही दिसलं नाही, तरी सगळ्यांनी ‘व्ह्यू मस्त आहे’ म्हटलं. परत येताना मिरवणूक माझ्या दारासमोर थांबली.

“आणि ही?” बोरकर काकू म्हणाल्या. “ही तुझी ना रूम? बंद कशाला? लपवलंय का कुणाला?”

“अगं, पसारा असेल तिचा,” आई घाईने म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. ठेवलीस ना, असं ते बघणं होतं.

“पसाऱ्याला काय होतंय! आमच्याकडे येऊन बघ.” काकूंचा हात कडीवर गेला. मागून कुणीतरी ओळखलं, “मांजर असेल हो, ती काळी!” आणि कुणीतरी म्हणालं, “मग तर आज तिचाच मान, संक्रांतीचं काळं नेसूनच आलीय!” हशा उसळला. त्या हशाने आत काय झालं असेल ते मला भिंतीपलीकडून दिसलं. पोट फरशीला, कान डोक्याला. मागचं दार मी दुपारपासून चार वेळा बघितलं होतं. ते चहाच्या गडबडीत पुन्हा उघडलं असेल का, हे आता इथून जाऊन बघता येत नव्हतं.

आज मी हे लिहिताना मिरी खिडकीत बसली आहे, बाबांच्या तपकिरी स्वेटरवर. त्याला पुन्हा तिचा वास आहे. आईने तो गेली दोन वर्षं धुतलेला नाही. बाहेर काही दिसत नाही तरी ती बघते आहे. बिल्ली मकान की होती है. असेलही. पण मकान तिचं व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणाला तरी दाराशी उभं राहावं लागतं. त्या शनिवारी कडी अर्धी सरकल्याचा आवाज झाला तेव्हा हे काही माझ्या मनात नव्हतं. शिवरानीचा आवाज तेवढा होता. आवाज़ क्यों नहीं दी?

मी सगळ्या काळ्या साड्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि बोरकर काकूंच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गरम होता, माझा बर्फ. कडी मी परत सरकवली. माझा आवाज मला नेहमीपेक्षा जरा मोठा ऐकू आला.

“काकू, दार नका उघडू. अजून मिरीलाच सगळं घर दाखवून झालेलं नाही. तिचं झालं की तुम्हाला दाखवते.”